अंगावर पिणारी पिल्लं

बाबांच्या वहीत मे २००७ चं एक पान आहे. दोनशे पानी वही, निळं बॉलपेन, बारीक अक्षर. पानावर लिहिलंय : 'पिल्लं सुटली. अंदाजे १२०. आजच वेगळी केली.' त्याखाली रोजची तारीख आणि तारखेपुढे एकेक आकडा. ८५. ४०. ११. शेवटच्या तारखेपुढे नुसती आडवी रेघ.

ही पिल्लं डिस्कस माशाची. डोंबिवलीतल्या आमच्या वन रूम किचनमध्ये कपाटाला लागून तीन फुटी टाकी होती. त्यात बाबांनी वर्षभर पैसे साठवून आणलेली डिस्कसची जोडी होती. मी तेव्हा ११ वर्षांचा. त्या आडव्या रेघेच्या आदल्या दुपारी मी एअर पंपाची पिन काढली आणि तिथे टीव्ही गेमची पिन लावली. घरात मोकळं सॉकेट तेवढंच होतं. दोनेक तास खेळलो, मग पिन परत लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लांच्या टबात काही हलत नव्हतं. बाबा मला काही बोलले नाहीत. महिन्याभरात त्यांनी जोडी विकून टाकली आणि पुन्हा कधी डिस्कस पाळला नाही.

तेव्हापासून मी धरूनच चाललो होतो की ती पिल्लं माझ्यामुळे मेली. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांचं कपाट आवरताना ही वही सापडली आणि मी पहिल्यांदा ते आकडे पाहिले. म्हणजे मी पिन काढली त्या दिवशी सकाळी टबात ११ पिल्लं उरली होती. उरलेली १०९ कुठे गेली?

हा लेख त्या १०९ पिल्लांचा शोध आहे. तो घेता घेता मी डोंबिवलीहून व्हिएन्नाला गेलो, तिथून फ्लोरिडाला, आणि फिरून घरातल्या औषधांच्या डब्याशी आलो.

न पाहिलेल्या माशाचं बारसं

डिस्कस हा सिक्लिड कुळातला मासा. हे कुळ आपल्याला अगदीच परकं नाही. उजनीच्या धरणात सापडणारी चिलापी, म्हणजे टिलापिया, याच कुळातली. फक्त चिलापी कुठेही जगते आणि डिस्कस कशानेही मरतो. डिस्कस बशीसारखा गोल आणि चपटा, वाढला की पंजाएवढा होतो. राहणारा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, संथ, कोमट आणि आम्लधर्मी पाण्यातला.

१८१७ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाची मुलगी लिओपोल्डिना हिचं लग्न पोर्तुगालच्या राजपुत्राशी, डोम पेद्रोशी झालं. तो तेव्हा ब्राझीलमध्ये राहत होता. नवरीबरोबर शास्त्रज्ञांचीही एक तुकडी ब्राझीलला निघाली. त्यात योहान नाटरर नावाचा एक निसर्ग अभ्यासक होता. बाकीचे एकेक करून परतले, हा मात्र १८ वर्षं तिथेच राहिला. पक्षी, प्राणी, मासे गोळा करायचे, मद्यार्कात बुडवायचे किंवा कातडी भरायची आणि पेट्या व्हिएन्नाला पाठवायच्या, असा त्याचा उद्योग होता.

त्या पेट्यांमधले मासे व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या योहान याकोब हेकेलच्या टेबलावर आले. हेकेल स्वतः कधी ब्राझीलला गेला नाही. १८४० मध्ये त्याने नाटररच्या माशांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात या गोल माशाला नाव दिलं : सिम्फिसोडॉन डिस्कस. जिवंत मासा पोहताना न बघताच त्याचं बारसं झालं. त्याच निबंधात टेरोफायलम हा गट आहे. तुमच्या-आमच्या टाकीतला एंजल मासा त्यातलाच. डिस्कस आणि एंजल यांच्या गटांची नावं कागदावर अशी एकदमच जन्माला आली. ही जोडगोळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८४८ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात उठाव झाला, राजवाड्याच्या त्या भागाला आग लागली आणि नाटररच्या नोंदवह्या जळाल्या. १८ वर्षं जंगलात काढलेल्या माणसाने त्या माशांबद्दल काय काय पाहिलं होतं, ते त्याबरोबर गेलं. बाबांची वही हातात धरून हे वाचताना मला जरा जास्तच लागलं.

एंजलचा धडा डिस्कसला

विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत घरोघरी काचेच्या टाक्या आल्या आणि अॅमेझॉनचे मासे जहाजातून, पुढे विमानातून येऊ लागले. एंजलची पैदास लोकांना लवकर जमली. एंजलचे आईबाप बंद टाकीत बऱ्याचदा स्वतःचीच अंडी खातात. म्हणून पैदास करणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला : अंडी घातलेली पाटी उचलायची, वेगळ्या टाकीत ठेवायची, बुरशी येऊ नये म्हणून पाण्यात मिथिलिन ब्लू टाकायचं, बाजूला हवेचे बुडबुडे सोडायचे. आईबापांची गरजच नाही.

पिल्लांच्या खाण्याचा प्रश्नही सुटला होता. १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले अल्विन सील यांनी आर्टेमियाबद्दल लिहिलं. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या तळ्यांत होणारा कोळंबीचा एक चिमुकला नातेवाईक. त्याची अंडी वाळवून वर्षानुवर्षं ठेवता येतात. हवी तेव्हा मिठाच्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात अर्ध्या मिलिमीटरची जिवंत पिल्लं तयार. माशांच्या पिलांसाठी याहून सोयीचं जिवंत खाणं आजवर कुणाला सापडलेलं नाही. आज जगभरच्या कोळंबी प्रकल्पांचा डोलारासुद्धा या अंड्यांवर उभा आहे.

मग हाच धडा लोकांनी डिस्कसला लावला. अंडी वेगळी केली, ती फुटली, पिल्लं पोहायला लागली, समोर आर्टेमिया टाकला. आणि पिल्लं मेली. समोर खाणं असताना उपाशी मेली. काहींच्या टाकीत मात्र पिल्लं चुकून आईबापांजवळ राहिली आणि ती जगली.

असं का होतं, ते विल्यम हिल्डमन यांनी १९५९ मध्ये 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकात नीट मांडलं. गंमत म्हणजे हिल्डमन रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक होते. माशांच्या खवल्यांचं एकमेकांवर रोपण करून शरीर परकं काय आणि आपलं काय हे कसं ओळखतं, हा त्यांचा विषय. त्यांनी पाहिलं ते असं : डिस्कसची पिल्लं पोहू लागली की थेट आईबापांच्या अंगाला जाऊन चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर टोचून टोचून खातात. पहिले काही दिवस त्यांचं खाणं तेवढंच.

आपल्याकडे तान्ह्या बाळाबद्दल विचारतात, 'अजून अंगावर पितं का?' डिस्कसच्या बाबतीत हा प्रश्न शब्दशः लागू होतो. आणि इथे आई आणि बाप दोघांच्याही अंगावर पिल्लं पितात. एक दमला की अंगाला हलका झटका देतो आणि सगळा घोळका दुसऱ्याच्या अंगावर जातो. मी हे प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला सकाळी सातची लोकल पकडायची होती. तरी उठवेना.

बाबांच्या वहीत याबद्दल एक अक्षर नाही. हिल्डमन यांचा निबंध तेव्हा ४८ वर्षं जुना होता. पण डोंबिवलीत २००७ साली तो कुणाच्या हाती येणार? बाबांना माहिती मिळायची ती दुकानात उभ्या उभ्या, दुसऱ्या शौकिनांकडून. आणि ते शौकीन सांगत होते की पिल्लं ताबडतोब वेगळी कर. बाबांनी त्याचं कारणही लिहून ठेवलंय : 'मोठ्यांना जंत असतात. पिल्लांना लागतात.'

हे कारण खोटं नव्हतं. सगळा पेच तिथेच आहे.

दुधाबरोबर आणखी काय

पिल्लू आईबापाच्या अंगावरून खातं, म्हणजे त्या अंगावर जे काही आहे ते सगळं त्याच्या तोंडात किंवा कल्ल्यांत जाऊ शकतं. डिस्कसच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर चपटे कृमी असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. आतड्यात गोलकृमी असतात. आणि सगळ्यांत बदनाम म्हणजे स्पायरोन्यूक्लिअस. हा एकपेशीय जीव आहे. आठ शेपट्या हलवत माशाच्या आतड्यात फिरतो. मासा खाणं सोडतो, रंग काळवंडतो, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी होते. काही माशांच्या डोक्यावर खड्डे पडतात.

शौकीन लोक कित्येक वर्षं याला 'हेक्झामिटा' म्हणत आले. १९९५ मध्ये फ्लोरिडातल्या एंजल माशांमधून यातल्या एका जातीचं रीतसर वर्णन झालं आणि तिला स्पायरोन्यूक्लिअस व्होर्टेन्स हे नाव मिळालं. पुढे २००१ मध्ये डोक्यावरच्या खड्ड्यांशी तिचा संबंध असावा असं मांडणारा अभ्यास आला. त्या अभ्यासाच्या शीर्षकातच 'संभाव्य कारण' असे शब्द आहेत. दुकानात मात्र संभाव्य वगैरे काही नसतं. 'डोक्याला भोक म्हणजे हेक्झा', संपला विषय.

पिल्लांचा दुसरा शत्रू सगळ्यांच्या ओळखीचा आहे. माशाच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणजे इक. फूके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये त्याला नाव दिलं : इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. त्याचा अर्थ 'खूप लेकरांची माशाची ऊ'. नाव अगदी चपखल आहे. ठिपका पिकला की माशावरून गळून तळाशी बसतो, भोवती कोष करतो आणि आतल्या आत विभागत जातो. एकेका कोषातून शेकडो नवी पिल्लं बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. माशाच्या कातडीखाली असलेल्या ठिपक्यावर पाण्यात टाकलेल्या औषधाचा परिणाम होत नाही, कोषावरही होत नाही. होतो तो फक्त मधल्या, पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून ठिपके गेले की औषध बंद करणारे लोक आठवड्याभरात पुन्हा दुकानात दिसतात. तळ रोज साफ केला की कोषच बाहेर जातात. पिल्लांच्या टाकीत खडे, वाळू, शोभेची जहाजं ठेवू नयेत ती यासाठी. नुसती काच बरी.

तिसरा रस्ता खाण्यातून येतो. आमच्या लहानपणी माशांचं लाडकं खाणं म्हणजे जिवंत ट्युबिफेक्स, दुकानात वाटीने मिळणारे लालभडक किडे. ते येतात गटाराच्या गाळातून. १९८४ मध्ये वुल्फ आणि मार्किव या अमेरिकी संशोधकांनी एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. ट्राउट माशाच्या पिल्लांना गोल गोल फिरवून मारणारा एक परजीवी अर्धं आयुष्य याच ट्युबिफेक्समध्ये काढतो. किड्यातलं त्याचं रूप इतकं वेगळं की शास्त्रज्ञ तोवर त्याला वेगळाच प्राणी समजत होते. डिस्कसला तो रोग होत नाही, पण धडा सगळ्यांना आहे : पिल्लाच्या तोंडात काय घालतोय याबरोबरच ते कुठून आलंय हेही बघा. बाबांच्या वहीत मोठ्या जोडीच्या खाण्यात 'ट्युबिफेक्स, रोज २ वाट्या' अशी नोंद आहे.

अंड्याचा बलक आणि फ्लोरिडा

म्हणजे 'मोठ्यांना जंत असतात' हे खरं होतं. मग पिल्लं आईबापांपासून वेगळी करून जगवता येतील का?

येतात. अमेरिकेतल्या जॅक वॉटली यांनी ते करून दाखवलं. फिरोजी रंगाच्या डिस्कससाठी ते जगभर प्रसिद्ध झाले. पिल्लं उथळ भांड्यात ठेवायची, अंड्याच्या बलकाच्या पावडरचा लगदा भांड्याच्या कडेला लावायचा, म्हणजे पिल्लं आईबापाच्या अंगाला तोंड लावावं तसं त्या लगद्याला तोंड लावतात. ऐकायला सोपं आहे. पण बलक पाण्यात तासाभरात कुजायला लागतो. म्हणून दिवसातून अनेकदा खायला घालायचं आणि दर वेळी जवळजवळ सगळं पाणी बदलायचं, तेही त्याच तापमानाचं. पहाटेपासून रात्रीपर्यंत, आठवडाभर. हे पूर्ण वेळेचं काम आहे.

दुसरीकडे जर्मनीत एडुआर्ड श्मिट-फोके नावाचे डॉक्टर आपल्या डिस्कसच्या घराण्यांची निवड करत होते. आजच्या कितीतरी रंगांची मुळं त्यांच्या टाक्यांपर्यंत जातात. मग हा शौक आग्नेय आशियात गेला. हाँगकाँग, सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंड. तिथे घरच्या शौकाचा धंदा झाला. १९९० च्या सुमारास थायलंडमधून 'पिजन ब्लड' नावाचा नारिंगी-लाल डिस्कस आला आणि सगळे वेडे झाले.

या पिजन ब्लडने एक नवीच अडचण आणली. रानटी डिस्कस पिल्लं सांभाळायच्या काळात काळपट होतो. पिल्लांना पाण्यात ती गडद आकृती दिसते आणि ती तिच्याकडे जातात. पिजन ब्लडच्या अंगात गडद होणंच उरलेलं नाही. पिल्लं आईबाप शोधत भलत्याच काळ्या गोष्टीला जाऊन चिकटतात, कधी फिल्टरच्या स्पंजला, कधी हीटरला. म्हणून असे मासे ठेवणारे टाकीच्या बाजू फिक्या ठेवतात, काळ्या वस्तू काढून घेतात. आपल्याला हवा तो रंग मिळवताना आपण पिल्लांची खूण पुसून टाकली होती.

आता बाबांच्या पानाकडे परत. १२० पिल्लं, पोहायला लागली त्याच दिवशी वेगळी केलेली, प्लास्टिकच्या टबात. खाणं : 'उकडलेल्या अंड्याचा बलक, दिवसातून ३ वेळा.' पाणी : 'रात्री अर्धं बदललं.' बाबा सकाळी ७:१० ची लोकल पकडायचे आणि रात्री आठला घरी यायचे. मधल्या वेळी बलक आई घालायची, पाणी कुणीच बदलत नव्हतं. त्यातून त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग होतं. रोज काही तास हवा बंद, म्हणजे माझ्या टीव्ही गेमच्या कितीतरी आधीपासून.

८५. ४०. ११. हे आकडे उपासमारीचे आणि कुजलेल्या पाण्याचे आहेत.

औषधांच्या डब्यातली गोळी

त्याच वहीत, पिल्लांच्या आधी दोन महिने, एक नोंद आहे : 'नर खात नाही. पांढरी विष्ठा. फ्लॅजिल १ गोळी कुटून टाकली.' आणि चार दिवसांनी : 'नर खाऊ लागला.'

ही गोळी आमच्याकडे स्टीलच्या डब्यात कायम असायची. जुलाब झाले की आई तीच काढायची. हिचा इतिहास असा. १९५० च्या दशकात जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून अॅझोमायसिन नावाचं द्रव्य मिळालं. फ्रान्समधल्या रोन-पूलांक कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या जवळपासचे रेणू बनवून बघितले आणि त्यातून मेट्रोनिडाझोल निघालं. १९६० मध्ये ते फ्लॅजिल या नावाने बाजारात आलं. कशासाठी? स्त्रियांच्या योनिमार्गात होणाऱ्या ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीच्या संसर्गासाठी. दोनच वर्षांत लक्षात आलं की या औषधाने हिरड्यांचा एक संसर्गही बरा होतो. हळूहळू कळलं की प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवांवर ते चालतं. अमीबा, जिआर्डिया आणि बरेच जिवाणू.

स्पायरोन्यूक्लिअस हा जिआर्डियाचाच दूरचा भाऊबंद. तोही आतड्यात, जिथे प्राणवायू कमी तिथे राहतो. म्हणून माणसाच्या जुलाबाची गोळी डिस्कसलाही लागू पडली. माशांसाठी वेगळं औषध कुणी शोधायला बसलं नव्हतं.

पण 'लागू पडते' आणि 'कुटून टाका' यात फरक आहे. वाटेल तेव्हा, वाटेल तेवढी गोळी टाकली की पाण्यातले उपयोगी जिवाणू दुखावू शकतात. अर्धवट डोसाने परजीवी चिवट होतात. शेवटी ते पाणी मोरीतून नाल्यातच जातं. आणि पिल्लं इतकी नाजूक की मोठ्यांना सोसणारं औषध त्यांना सोसेलच असं नाही. मी डोस इथे लिहीत नाही. माशांचं कळणारा पशुवैद्य शोधा, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या, मगच औषध द्या.

खरी युक्ती वेळेची आहे. औषध द्यायचं ते आईबापांना, आणि तेही अंडी घालण्याच्या खूप आधी. पिल्लं अंगावर पीत असताना नव्हे. बाबांनी नराला बरं केलं, पण मादीचं काहीच पाहिलं नाही आणि रोजच्या दोन वाट्या ट्युबिफेक्स चालूच राहिल्या. आईबापांना स्वच्छ करायचं सोडून त्यांच्यापासून पिल्लं तोडली.

तीन आठवड्यांचं दूध

बाबांच्या त्या उन्हाळ्यानंतर तीन वर्षांनी, २०१० मध्ये, इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जोनाथन बकली, कॅथरीन स्लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिस्कसच्या त्या बुळबुळीत थराचाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या टप्प्यांवर आईबापांच्या अंगावरचा थर घेऊन तपासला. अंडी घातल्यावर त्यातली प्रथिनं वाढतात. त्यात रोगाशी लढणारी प्रतिपिंडंही असतात. आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात आईबाप वागणं बदलतात : पिल्लं आली की दूर पोहत जातात, आधी थोडा वेळ, मग जास्त. थरातलं पोषणही त्याच सुमारास उतरतं. चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लं स्वतंत्र होतात.

सस्तन प्राण्यांचं दूध आणि दूध तोडणं यांच्याशी हे किती जुळतं, हे त्या संशोधकांनीच म्हटलंय. माझ्यासाठी त्यातली प्रतिपिंडांची गोष्ट सगळ्यांत मोठी होती. ज्या थराला बाबा रोगाची वाट समजत होते, रोगापासूनचं संरक्षणही त्याच थरात होतं. दोन्ही एकाच अंगावर.

आपल्याकडचीच एक जोडी

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट कळली आणि मी चाट पडलो. हा प्रकार फक्त अॅमेझॉनचा नाही. भारतात सिक्लिड कुळातले थोडेच मासे मूळचे आहेत. त्यातला एक तुम्ही गोव्यात खाल्ला असेल : कालुंदर. केरळात तो करिमीन. याचा लहान भाऊ म्हणजे ऑरेंज क्रोमाइड, बोटाएवढा, पिवळा-नारिंगी, दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्या-सरोवरांत राहणारा. १९६७ मध्ये वॉर्ड आणि बार्लो यांनी दाखवलं की याची पिल्लंही आईबापांच्या अंगाला तोंड लावून तो थर टिपतात. डिस्कसइतकी ती त्यावर अवलंबून नसतात, पण सवय तीच.

आणि १९७२ मध्ये वायमन आणि वॉर्ड यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. हा छोटा क्रोमाइड मोठ्या कालुंदरच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला साफ करतो. हाच छोटा क्रोमाइड त्याच कालुंदरची अंडी आणि पिल्लंही खातो. अंग साफ करणारा आणि पोरं खाणारा एकच शेजारी. कालुंदर त्याला चालवून घेतो, कारण परजीवी त्याहून वाईट असावेत.

माझं पान

गेल्या वर्षी मी सहा लहान डिस्कस आणले. बाबांच्या वहीत जे नव्हतं ते सगळं केलं. सहा आठवडे त्यांना वेगळ्या टाकीत ठेवलं. त्यांची जाळी वेगळी, नळी वेगळी, बादली वेगळी, कारण परजीवी ओल्या जाळीवरूनही घर बदलतात. एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये विष्ठेचे नमुने बघितले, दोन वेळा. जे सापडलं त्यावर पशुवैद्याला विचारून उपचार केले. ट्युबिफेक्स घरात आणला नाही. तळाला काच, एक स्पंज फिल्टर, एक मातीची उलटी कुंडी, पाणी २९-३० अंश. इन्व्हर्टर घेतला, तो मुख्यतः एअर पंपासाठी. बायकोला अजून वाटतं तो वर्क फ्रॉम होमसाठी आहे.

त्यांच्यातून एक जोडी जमली. पहिली अंडी त्यांनी खाल्ली. दुसरीही खाल्ली. तिसऱ्या वेळी मी टाकीच्या तीन बाजूंना कागद लावला, रात्री एक मंद दिवा ठेवला आणि जवळ जाणं बंद केलं. अडीच दिवसांनी अंडी फुटली. आणखी तीन दिवस पिल्लं कुंडीलाच लोंबकळत राहिली. मग सुटली आणि एकेक करून बापाच्या कुशीला लागली.

पाचव्या दिवसापासून आर्टेमिया सुरू केला. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली उलटी टांगायची, मिठाचं पाणी, तळातून हवा, २४ तास. उजेड दाखवला की नारिंगी पिल्लं एका जागी जमतात. ती गाळून, गोड्या पाण्यात धुऊन लगेच घालायची. शिळी झाली की त्यांच्यातलं सत्त्व कमी होतं. पोट नारिंगी दिसलं की समजायचं, खाल्लं. उरलेलं खाणं नळीने काढायचं, रोज. तिसऱ्या आठवड्यात आई खरंच पळू लागली. पिल्लं मागे, ती पुढे. चौथ्या आठवड्यात मी त्यांना वेगळं केलं. ५२ होती.

सुरुवातीला किती होती ते मी मोजलं नाही. बाबांनी मोजली होती. मला वाटतं, मोजण्यासाठीच त्यांनी टबाजवळ कितीतरी तास काढले असतील.

परवा आईला विचारलं, तुला २००७ ची पिल्लं आठवतात का, आणि मी पंपाची पिन काढली होती ते? पिनचं तिला काहीच आठवत नव्हतं. तिला आठवत होता बलकाचा वास आणि एवढंच की त्या सकाळी बाबांची लोकल चुकली होती. ते टबाशेजारी बसून होते. डबा भरून ठेवला होता, तो घेऊनसुद्धा उठले नाहीत.

मी तिला वही दाखवली. तिने ते पान बघितलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "मग आता या ५२ चं काय करणार आहेस?"

आठ मी ठेवणार आहे. बाकीचे ओळखीच्या शौकिनांना देणार आहे, प्रत्येकाला एक कागद देऊन. कागदावर पहिली ओळ आहे : पिल्लं झाली तर तीन आठवडे आईबापांपासून तोडू नका, आणि त्याआधी आईबापांना तपासून घ्या. मराठीत लिहिली आहे.